विश्वास न ठेवता वाचलेली पोथी

देव आहे का, असं त्या काळात मला कोणी विचारलं असतं तर मी वाद घातला नसता. नुसता विषय बदलला असता. वाद घालण्याइतकंही माझं देवाशी काही उरलं नव्हतं. तसा मी पोथीच्या घरातला. आमचं गाव खानदेशात, तापीच्या काठाला. श्रावणात वडील देवळाच्या ओट्यावर पोथी सांगायला बसायचे आणि त्यांच्या उजव्या हाताला बसून एकेक सुटं पान उलटून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. मगरीनं पाय धरलेला हत्ती, खांबातून बाहेर आलेला देव, फडक्यात पोहे बांधून मित्राच्या वाड्यावर गेलेला गरीब ब्राह्मण ही मंडळी मला आमच्या गल्लीतल्या लोकांइतकीच ओळखीची होती. हत्तीला सोडवायला देव धावत निघाला की वडिलांचा आवाज भरून यायचा आणि मी पान उलटायचं विसरायचो. पुढे पोटापाण्यासाठी सुरतेला आलो. पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या एका मिलमध्ये बॉयलरवर फिटर म्हणून लागलो, बमरोलीत पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली. वडील गेल्यावर पोथी लाल फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आली. तापी तर आमच्या आधीच सुरतेला पोचलेली होती, त्यामुळे परक्या मुलखात आलोय असं कधी फारसं वाटलं नाही.

लग्नानंतर दोनदा आमच्या घरात पाळणा हलेल असं वाटलं आणि दोन्ही वेळा तो हलला नाही. पहिल्या वेळी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या वेळी मात्र मी हातचं काही राखलं नव्हतं. उपास केले, गडावरच्या देवीला अनवाणी चालत गेलो, रोज पहाटे पोथीतला एक अध्याय वाचून मगच मिलला जायचो. सहाव्या महिन्यात तेही गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर मी पोथी उचलली आणि माळ्यावर, पाण्याच्या जुन्या पिंपामागे ठेवून दिली. राग म्हणून नव्हे. दुकान बंद आहे, आत कोणी नाही आणि आपण मात्र उगाच कडी वाजवत उभे आहोत, असं मला वाटलं. मग मी कडी वाजवणं सोडून दिलं, एवढंच. मंदा, माझी बायको, देवापुढे दिवा लावत राहिली. तिनं मला कधी हात जोडायला सांगितलं नाही आणि मीही तिला कधी अडवलं नाही.

प्लेगचं साल मागे पडून सुरत पुन्हा नीट श्वास घ्यायला लागली होती, तेव्हा मंदाला तिसऱ्यांदा दिवस गेले. उधना रोडवरच्या एका लहानशा प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून गर्भाशयाच्या तोंडाला एक टाका घातला आणि स्पष्ट सांगितलं, आता बाळंत होईपर्यंत अंथरुणावरून उठायचं नाही. खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवायच्या, म्हणजे पाय वर राहतील. मी बॉयलरच्या मागे पडलेल्या चांगल्या चौकोनी विटा निवडून आणल्या. खाट अशी तिरपी झाली की मंदा म्हणाली, "आता मी घसरून थेट चुलीपाशी जाणार, म्हणजे स्वयंपाकाचीही सोय झाली."

माझी बायको अशी. तिच्यासारख्या बाईला निजवून ठेवणं म्हणजे वाहत्या पाटाला बांध घालण्यासारखं. गल्लीतल्या बायकांबरोबर साड्यांना लेस लावायचं काम ती करायची. ते काम हातानं कमी आणि तोंडानं जास्त चालायचं. आता पत्र्याकडे बघत दिवस काढायचे. मी पहिल्या पाळीला जायचो, दुपारी घरी येऊन भाकरी थापायचो. माझी भाकरी बघून ती रोज विचारायची, "हा कुठला जिल्हा?" पण हळूहळू तिचं हसणं कमी झालं. एक दिवस मी आलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हात पोटावर होता. काय ऐकत होती ते मला कळलं.

"अहो," ती तशीच पडून म्हणाली, "माळ्यावरून पोथी काढा."

मी म्हटलं, "मंदा, ते माझ्यानं होणार नाही. माझा विश्वास राहिला नाही, तुला माहितेय."

आम्ही घरात अहिराणीच बोलतो. इथे मी सगळं साध्या मराठीत लिहितोय, पण तिचं त्या वेळचं वाक्य तसंच ठेवतो. ती वळून म्हणाली, "माले गोष्ट पायजे, तुमना इश्वास नही!"

मी पिंपामागे हात घातला, फडकं झटकलं आणि खाटेशेजारी पाटावर बसलो. वाचायला लागलो ते कपाळाला आठी घालूनच. पहिलीच गोष्ट हत्तीची निघाली. तळ्यात पाणी प्यायला गेलेल्या हत्तीचा पाय मगरीनं धरला आणि दोघांची हजार वर्षं ओढाताण चालली. मी थांबलो आणि म्हणालो, "हजार वर्षं! आमच्या बॉयलरची शिटी वाजली तर मला एका मिनिटात पोचावं लागतं. हा देव हजार वर्षं काय करत होता?"

मंदा खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "आणि हत्तीण कुठं होती? ती बघा लिहिलीय का."

मी मागेपुढे पानं चाळली. हत्तिणी होत्या. थोडा वेळ त्यांनी सोंडेनं ओढून पाहिलं आणि मग निघून गेल्या, असं होतं. "गेल्या?" मंदा उठूनच बसणार होती, मी खांद्याला धरून निजवलं. "हे लिहिणारा नक्की पुरुष होता. हत्तीण अशी जाईल होय?" पुढच्या वेळी डॉक्टरीणबाई घरी तपासायला आल्या तेव्हा तिनं त्यांना पहिला प्रश्न हाच विचारला, की पडल्या पडल्या हसलं तर चालतं का. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हसा, पण खोकल्यासारखं नको."

असं ते वाचन सुरू झालं. लहानपणी वडिलांच्या शेजारी मी याच ओळी माना डोलवत ऐकल्या होत्या. आता प्रत्येक ओळीला माझ्याकडे एक शंका तयार असायची. विस्तवात बसवलेलं पोर भाजलं नाही हे वाचताना मी माझ्या हातावरचा वाफेचा डाग मंदाला दाखवला. खांब फोडून देव आला तेव्हा म्हणालो, बाप इतके दिवस पोराला कड्यावरून ढकलत होता, तेव्हा एखादा खांब जवळपास नव्हता का? मंदाची शंका वेगळीच. "त्या पोराची आई या सगळ्यात कुठं आहे?" आम्ही शोधलं. सापडली, पण एका ओळीत. मग मंदानं तिच्या मनानं ती गोष्ट पुढे रचली: आई रात्री नवरा झोपल्यावर पोराजवळ जाते, त्याच्या अंगाला तेल लावते आणि त्याच्या कानात सांगते, तुझं तू म्हणत राहा, पण जरा हळू म्हण. ते ऐकताना मला हसू आलं आणि का कोण जाणे, मी ती आईची एक ओळ पुन्हा वाचली.

आमची खिडकी गल्लीवर उघडायची. एक दिवस मी गोष्ट अर्ध्यावर सोडून चहा ठेवायला उठलो, तर पुढे काय झालं म्हणून बाहेरून आवाज आला, "पछी शुं थयुं?" खिडकीखाली आमच्या शेजारच्या कांतामासी बसल्या होत्या. त्या भाजीची लारी चालवायच्या. सकाळचा धंदा आटोपला की रिकामी हातगाडी आमच्या भिंतीला लावून ठेवायच्या. मराठी त्यांना अर्धीच समजायची, पण गोष्ट सगळी पाठ होती. त्यांच्या शेजारी नांदेडकडच्या रुक्माबाई, मांडीवर साडी आणि तोंडात दोरा. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी-तिघी आल्या. आठवड्याभरात खिडकीखाली, उंबऱ्यावर आणि आत खाटेच्या कडेला साड्यांचे ढीग घेऊन अख्खी गल्ली बसायला लागली. लेस लागत होती, सुया चालत होत्या आणि माझ्यासारखा नास्तिक मधे बसून अवतारांच्या कथा वाचत होता. मी शंका काढली की बायका मला झोडपून काढायच्या. वाचतो म्हणून मला मास्तर करून टाकलेल्या रुक्माबाई म्हणायच्या, "मास्तर, तुमी नुसतं वाचा वं. देवाचं आमी बघून घेतो."

पोह्यांच्या गोष्टीच्या दिवशी मात्र डाव माझ्यावरच उलटला. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. घरात दाणा नाही, मित्र राजा झालेला, बायको म्हणते भेटून या. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून ती मूठभर पोहे बांधून देते, आणि मित्र ते हिसकावून खातो. मी म्हणालो, "बघा, तिकडे राजाच्या घरी पंचपक्वान्नं असताना याला हेच पोहे गोड लागले. भक्तीचा महिमा." म्हणालो ते चिडवण्यासाठीच.

कांतामासींनी हातातली गवार बाजूला ठेवली. "अरे भाई, ए पौंआ तो पाडोशीना हता ने!"

मी पुन्हा पानात पाहिलं. खरंच. घरात काही नव्हतं म्हणून बायको शेजारपाजारच्या चार घरी गेली आणि चार मुठी पोहे मागून आणले, असं स्पष्ट लिहिलं होतं. वडिलांच्या तोंडून ही ओळ मी कितीदा ऐकली असेल, पण माझं सगळं लक्ष पुढच्या सोन्याच्या वाड्याकडे असायचं. देवाच्या तोंडात गेले ते शेजाऱ्यांचे पोहे. त्या चार बायकांना वाडा मिळाला का, त्यांची नावं काय, पोथी काही सांगत नाही. मी मान वर करून बघितलं. खाटेजवळ रुक्माबाईंनी आणलेली आमटी झाकून ठेवलेली होती, कांतामासींच्या लारीवरची मेथी सुपात निवडून पडली होती. जिल्ह्यांच्या नकाशांसारख्या माझ्या भाकरींना केव्हाच सुट्टी मिळाली होती आणि मला ते नीट कळलंही नव्हतं.

त्यानंतर माझं वाचणं थोडं बदललं. विश्वास परत आला, असं नाही. शंका मी काढतच होतो, पण त्यात पहिल्यासारखी धार राहिली नाही. लहानपणी या गोष्टींत मला फक्त देव दिसायचा. आता माणसं दिसत होती. भ्यालेली, हट्टी, देवाला तोंडावर बोल लावणारी, वाट बघून थकलेली. ती माझ्याहून भोळी नव्हती. माझ्या मनात येत होतं ते त्यांनी कधीच बोलून टाकलं होतं, आणि पोथीनं ते न लपवता लिहून ठेवलं होतं. याचं मला फार बरं वाटायचं. आपण दार लावून निघून आलो, पण ज्या घरातून निघालो तिथे आपल्यासारखेच पुष्कळ जण बसलेले होते, असं काहीसं.

भाद्रपद आला. मंदाला आठवा सरत आला होता. डॉक्टरीणबाई खूश होत्या. विसर्जनाच्या दिवशी मिलला दुपारनंतर सुट्टी होती. गल्लीतले सगळे पुरुष आणि पोरं मिरवणुकीला गेलेली, दुरून ढोल ऐकू येत होते. मी पोथीचं फडकं सोडलं, बायका जमल्या, मी दोन ओळी वाचल्या, तेवढ्यात मंदानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सकाळपासून हललं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं झोपलं असेल. पण आता खूप वेळ झाला."

सुया थांबल्या. मला वाटतं सगळ्यांच्या मनात आमच्या मागच्या दोन्ही खेपा येऊन उभ्या राहिल्या. मी धावत कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेलो, प्रसूतिगृहाला फोन लावला, लाइन लागेना. रिक्षा बघायला मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, तर रस्ता नव्हताच, नुसती डोकी होती. एकामागे एक मंडळं, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, गुलालाचे ढग. सायकलही गेली नसती. तसाच परत आलो. काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि हात जोडायला तर मी विसरूनच गेलो होतो.

पण गल्ली माझी वाट बघत थांबली नव्हती. कांतामासींनी लारी दाराशी आणली होती. रुक्माबाईंनी त्यावर गादी टाकली होती, गादीवर साड्यांच्या घड्या, हादरे बसू नयेत म्हणून. शेठच्या साड्या होत्या त्या, डाग पडला तर कटकट झाली असती, पण कोणाला त्याची पर्वा नव्हती. चौघींनी मंदाला अलगद उचललं, पायाखाली उशा दिल्या. मी एका दांड्याला हात घातला, दुसऱ्याला कांतामासींनी, आणि बायका दोन्ही अंगांनी लारीला धरून चालू लागल्या. "खसो, खसो!" वाटेतल्यांना बाजूला सारणारा कांतामासींचा तो भाजी विकून तयार झालेला आवाज. मंदा कण्हत नव्हती. मी विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, "नाही. मेथीचा वास येतोय."

मोठ्या रस्त्याला लागलो आणि अडकलो. समोर गर्दीची भिंत. मी ओरडत होतो, पण ढोलांपुढे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस आमच्याकडे आला. डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखलेला, इतका की तरुण की म्हातारा तेही कळू नये. गळ्यात शिटी. त्यानं लारीवर बघितलं, मंदाकडे बघितलं, आणि मला एवढंच विचारलं, "कुठं जायचंय?"

मी हातानं दाखवलं. तो वळला, शिटी तोंडात घातली आणि आमच्या पुढे चालायला लागला. त्याची शिटी मला अजून ऐकू येते. पोलिसासारखी दरडावणारी नव्हे, लांब, एकसारखी. तो दोन्ही हातांनी माणसं बाजूला करत होता, जसा कोणी कापडाचा ताका उलगडत जावा तसा रस्ता उलगडत होता. पुढे एका मंडळाची मोठी मूर्ती होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, रस्त्याच्या बरोबर मधोमध. दोन्ही बाजूंना जागा नाही. शिटीवाला ट्रॅक्टरवर चढला, चालकाच्या कानात काही बोलला. ट्रॅक्टरनं आवाज केला, मागे सरकला, पोरांनी ट्रॉलीला खांदे लावले आणि ती एवढी थोरली मूर्ती डुलत डुलत रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. भाजीच्या लारीला वाट देण्यासाठी देव बाजूला सरला. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे, यापेक्षा जास्त मला काही म्हणायचं नाही.

त्या मंडळाचा वाजंत्र्यांचा ताफा मात्र थांबला नव्हता. मूर्तीच्या अगदी जवळून जाताना ढोल कानाशी आले, छातीत घुमायला लागले. मंदा उताणी, वर बघत होती. कित्येक महिने तिनं पत्राच बघितला होता. आता वर आभाळ होतं आणि आभाळात देवाचं पोट. अचानक तिनं माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली.

"अहो! हललं!"

"काय?"

"हललं! लाथ मारली! पुन्हा!"

ढोलांमुळे मागच्या बायकांना काय झालं कळलं नाही, पण मंदा हसतेय हे दिसलं. रुक्माबाईंनी तिथंच डोळ्याला पदर लावला. कुणीतरी ओंजळभर गुलाल आमच्यावर उधळला. मी दांडा धरून रडत होतो आणि तोंडात गुलाल जात होता.

प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांशी पोचलो तर डॉक्टरीणबाई दारातच उभ्या. त्या दुपारीच बहिणीकडे जायला निघाल्या होत्या. मिरवणुकीमुळे त्यांची गाडी गल्लीतून बाहेर पडेना म्हणून वैतागून परत वर आल्या होत्या. ज्या गर्दीला मी रस्ताभर शिव्या देत होतो तिनंच त्यांना तिथं थांबवलं होतं. त्यांनी नळी पोटाला लावून ऐकलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. लगेच आत घ्यायला सांगितलं. नर्स आम्हाला बघून किंचाळली, "हा गुलाल आत आणायचा नाही!" मग आम्ही सगळे, मी, कांतामासी, रुक्माबाई, बाकीच्या, पायऱ्यांवर गुलाबी होऊन बसून राहिलो. शिटीवाल्याला पाणी तरी द्यावं म्हणून मी वळलो, तर तो नव्हता. रस्त्यावर सगळेच गुलाबी होते.

ऑपरेशन झालं. नाळेचे गळ्याभोवती वेढे होते. आणखी उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धवट सोडलं. मग हसून म्हणाल्या, "मुलगी आहे. किरकोळ आहे, पण आवाज खणखणीत आहे." मी त्यांना ढोलांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, होतं असं, मोठ्या आवाजानं पोटातलं बाळ दचकून हलतं, त्यात नवल नाही. मी म्हटलं, बरं. मला त्यांचं म्हणणं पटलं. आणि माझ्या अंगावरचा काटा काही गेला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं, आणि त्यातली एक निवडायची मला आजवर गरज पडलेली नाही.

शिटीवाल्याला मी पुष्कळ शोधलं. पांडेसऱ्यातली, उधन्यातली मंडळं पालथी घातली. जिथं जाईन तिथं लोक सांगायचे, हो, आमचाच असेल, आमच्यात असे बरेच जण आहेत. एका मंडळात तर तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ट्रॅक्टरच्या चालकालाही आठवेना, म्हणाला, कोणीतरी सांगितलं, मी घेतला बाजूला. शेवटी मी शोधणं सोडलं. सोडल्यावर मन मोकळं झालं. आभार मानायला एकच माणूस सापडला असता तर ते तिथंच फिटले असते. आता ते कोणापुढे मांडावे कळत नाही म्हणून, जो समोर येईल त्याच्याशी मी जरा नीट वागतो. बॉयलरवरचे सोबती चेष्टा करतात, बाप झाल्यापासून मऊ पडला म्हणतात. पडलो असेन.

बारशाला गल्ली लोटली. आत्या म्हणून मान कांतामासींचा होता, कारण माझी सख्खी बहीण लांब गावी आणि मासी म्हणाल्या, "फोई तो हुं ज." नावावरून भांडण झालं. प्रत्येकीला पोथीतलं नाव हवं होतं. मंदानं सगळी नाकारली. पोथीतल्या बायकांना एकेकच ओळ मिळालीय, माझ्या पोरीला पान पाहिजे, म्हणाली. मग कांतामासींनी कानात सांगितलं ते नाव राहिलं: उमंग. मुलाचं की मुलीचं यावर पुन्हा भांडण झालं, पण तोवर घुगऱ्या वाटल्या गेल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर मी देवाच्या फळीसमोर उभा राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप जुळले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मागायचं काही मनात येतच नाहीये. पूर्वी मी इथं उभा राहायचो तेव्हा माझी झोळी पसरलेलीच असायची. मी केलेल्या उपासांचा, वाचलेल्या अध्यायांचा हिशेब तोंडावर असायचा, आणि त्याला मी शरणागती म्हणायचो. त्या लारीच्या दांड्याला धरून चाललो तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, मागायचंही सुचलं नव्हतं. मी नुसता पाडोशांच्या हाती गेलो होतो, अनोळखी माणसाच्या शिटीमागे गेलो होतो. शरण जाणं याहून वेगळं असतं का, मला माहीत नाही. देव आहे का, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण दुकान बंद आहे असं आता मला वाटत नाही. आणि उत्तर नसताना हात जोडून उभं राहता येतं, बरं वाटतं, पायांना मुंग्या येईपर्यंत उभं राहता येतं.

"अहो," मागून मंदाचा आवाज आला, "झालं का तुमचं बोलून? पोरीनं दुपटं ओलं केलंय."

"झालं," मी म्हणालो, आणि दोरीवरचं सुकलेलं दुपटं काढायला बाहेर गेलो.